दाम, दम आणि सुटे भाग
(प्रस्तावना)

अल्लीपुरात डोंगर नाही. हिंगणघाट तालुक्याच्या या काळ्या मातीच्या पट्ट्यात चढ म्हणजे नाल्यातून वर येणारी वाट. त्याहून मोठा चढ हवा असेल तर समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीपर्यंत जावं लागतं. मग माउंटन बाइकच्या सुट्या भागांवरचं पुस्तक इथे बसून का लिहावं, असं कुणीही विचारील. कारण साधं आहे. माउंटन बाइक घेणाऱ्यांपैकी फार थोडे डोंगरात जातात, आणि खेड्यातल्या बाकीच्यांच्या वाट्याला पांदण येते. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खोल गेलेली, पावसाळ्यात चिखलाने चाक जागच्या जागी जाम करणारी, उन्हाळ्यात वाळून दगड झालेल्या ढेकळांची, आणि बाराही महिने बाभळीच्या काट्यांची, सराट्यांची. त्यात वर्ध्याचा मे महिना पारा पंचेचाळिसाच्या वर नेतो. सायकलचा एखादा भाग टिकाऊ आहे की नुसता चकचकीत, हे ठरवायला यापेक्षा कडक परीक्षक शोधून सापडायचा नाही.

सायकल घ्यायला निघालेला माणूस एकच प्रश्न विचारतो: स्वस्तातली घेऊ की महागाची? या पुस्तकाचं म्हणणं असं की हा प्रश्न अख्ख्या सायकलीला विचारायचाच नाही, एकेका भागाला विचारायचा. काही भागांत पैसा ओतला तर तो वर्षानुवर्षं उपयोगी पडतो, काहींत ओतला तर पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातो. आणि भागाची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवरून ठरत नाही. तो किती वर्षं चालला, मध्ये कितीदा उघडावा लागला आणि मोडला तेव्हा हिंगणघाटात मिळाला का, यावरून ठरते.

हा हिशेब मी शोधून काढलेला नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. वर्ध्याचा माणूस कुठल्याही विषयात गांधीजींना ओढतोच, हा आरोप मान्य. पण त्या बक्षिसाच्या अटी वाचून पाहाव्यात. यंत्र हलकं आणि उचलून नेण्याजोगं हवं. बाईमाणसाला त्यावर फार न थकता आठ तास काम करता यायला हवं. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते वीस वर्षं चालायला हवं, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च मूळ किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. किर्लोस्करवाडीत तयार झालेलं एक यंत्रही या परीक्षेला बसलं होतं. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. हलकं, टिकाऊ, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं, असं सगळं एका यंत्रात बसवणं किती अवघड आहे याची ही मराठी मुलखाला जवळची साक्ष आहे.

गंमत म्हणजे किर्लोस्करांचा सगळा पसाराच सायकलीपासून सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, दुरुस्त करायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. नांगर आणि कारखाना नंतरची गोष्ट. तेव्हा सायकलीचा प्रत्येक छर्रा बोटीने येत होता. विकणं आणि दुरुस्त करणं हे एकाच दुकानातले दोन धंदे होते आणि दुसऱ्याशिवाय पहिला चालत नव्हता. गेल्या वीसेक वर्षांत आपण हे दोन धंदे एकमेकांपासून तोडले. गेअरची सायकल झगमगत्या दालनातून येते आणि दुरुस्तीला जाते चौकातल्या मिस्त्रीकडे, ज्याला तिची हत्यारं कुणी दिलेली नाहीत.

माउंटन बाइकचा जन्मच मुळी सुट्या भागांच्या हलाखीतून झाला. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून सुसाट खाली सोडत. मागच्या हबमधला कोस्टर ब्रेक उतारावर इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे. खाली पोचलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. ऑक्टोबर १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीला 'रिपॅक' नाव पडलं ते त्यावरूनच. त्या गोतावळ्यातल्या जो ब्रीझने १९७७ साली खास या कामासाठी सांगाडा बांधला. टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी त्याचा धंदा केला. १९८१ साली स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर बाजारात आली आणि हौशी लोकांचा खटाटोप कारखान्यात गेला.

पुढची कहाणी सुट्या भागांच्या कंपन्यांची आहे. जपानमधल्या साकाई गावात १९२१ साली फ्रीव्हील बनवण्यापासून सुरुवात केलेल्या शिमानोने १९८२ साली 'डिओर एक्सटी' हा माउंटन बाइकसाठीचा पहिला पूर्ण संच आणला. तेव्हा शिमानोच्या तोडीस तोड, किंबहुना काही बाबतींत सरस, अशी दुसरी जपानी कंपनी होती सनटूर. चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या डिरेलरच्या तिरक्या चौकटीचं १९६४ सालचं पेटंट तिच्याकडे होतं. ते १९८४ च्या सुमारास संपलं, आणि शिमानोने तीच रचना उचलून तिला खटक्यागणिक एक गेअर बदलणाऱ्या लिव्हरची जोड दिली. सनटूर मागे पडली ती पडलीच. आज तिच्या नावाचा वारसा चालवणारी एसआर सनटूर मुख्यतः शॉकअपसाठी ओळखली जाते आणि आपल्याकडच्या पंधरा-वीस हजारांच्या सायकलींवर तिचेच फोर्क दिसतात. एका पिढीचं उंची नाव दुसऱ्या पिढीत काटकसरीची खूण होतं, ते असं.

शिमानोने त्यानंतर एक शिडी उभी केली: टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर, एसएलएक्स, एक्सटी आणि १९९२ पासून सगळ्यात वर एक्सटीआर. वरच्या पायरीवर आलेली युक्ती काही वर्षांत खालच्या पायरीवर उतरते, हा या शिडीचा नियम. बारा गेअरची कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांचा गठ्ठा, २०१८ साली एक्सटीआरमध्ये आली आणि २०२० साली डिओरमध्ये. म्हणजे थांबण्याची तयारी असलेल्याला दोनच वर्षांत तीच सोय कितीतरी कमी पैशांत मिळाली. दुसरीकडे शिकागोची स्रॅम. १९८७ साली मूठ पिरगळून गेअर बदलायच्या कल्पनेवर ती सुरू झाली, २००२ साली तिने रॉकशॉक्स विकत घेतली, आणि २०१२ साली पुढच्या दोन-तीन दातेरी चकत्या काढून एकच ठेवायचा धाडसी डाव टाकला. पुढचा डिरेलर, त्याची तार, त्याचा लिव्हर, सगळं एका फटक्यात गेलं. २०१९ पासून मागचा डिरेलरही बिनतारी झाला आणि सायकल मोबाइलसारखी चार्जिंगला लागली. या दोघांच्या भांडणात तैवानची मायक्रोशिफ्ट फारसा गाजावाजा न करता नऊ आणि दहा गेअरचे स्वस्त, दणकट संच विकते. मराठीत तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. या पुस्तकात तिला मुद्दाम जागा दिली आहे.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. चेन्नईची टीआय १९४९ ची, सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियान्याची हीरो १९५६ ची. या तिघींनी देशाला काळी सायकल दिली. ती जड होती, पण तिचा प्रत्येक भाग प्रत्येक बाजारात मिळे आणि एका कंपनीचा दुसरीला बसे. नव्वदीत 'रेंजर' आणि तिच्यासारख्या जाड टायरच्या सायकली आल्या, त्यांनी माउंटन बाइकचं रूप घेतलं आणि आतला जीव काळ्या सायकलीचाच ठेवला. त्यातूनच निघाली डबल शॉकर. पोराने हट्टाने मागावी, बापाने ऐपत ताणून घ्यावी, आणि चढावर पायडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंगने गिळावा, अशी सायकल. खऱ्या गेअरच्या सायकली फायरफॉक्सने २००५ पासून आणि पुढे डेकॅथलॉनने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणल्या. २०१५ साली हीरोने फायरफॉक्सच घेऊन टाकली. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, आणि त्याच वर्षी टाळेबंदीनंतर सायकलींची मागणी जगभर इतकी वाढली की साधी चेन मिळायलाही महिनोन् महिने लागू लागले. भाग 'मिळणं' हा गुण किती मोलाचा, हे तेव्हा शहरातल्यांनाही कळलं. अल्लीपूरकरांना ते आधीपासून ठाऊक होतं.

या विषयात पंथ बरेच आहेत आणि ते आपापसांत कडाडून भांडतात. पहिला हलकेपणाचा. तो शर्यतीतून आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यत सामील झाल्यावर त्याला प्रतिष्ठा मिळाली. या पंथाला ग्रॅम मोजायचे असतात, आणि शर्यतीत उतरणाऱ्याला ते मोजावेच लागतात. माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवणाऱ्या संगमनेरच्या प्रणिता सोमणसारख्या खेळाडूला मी स्टीलची कॅसेट सुचवणार नाही. दुसरा पंथ लांब पल्ल्याच्या भटक्यांचा: आठ किंवा नऊ गेअर, स्टीलचे दाते, कुठेही मिळणारी चेन, वजन गेलं खड्ड्यात. तिसरा 'आधी स्वस्त सायकल घ्या, मग एकेक भाग बदलत जा' असं सांगणारा. आपल्याकडे हाच सर्वांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सर्वांत महाग. सुटा भाग नेहमीच सायकलीबरोबर आलेल्या भागापेक्षा जास्त किमतीला पडतो, आणि स्वस्त सांगाड्यावर पुढचा चांगला भाग बसेलच याची हमी नसते. चौथा पंथ जुनी उंची सायकल घेणाऱ्यांचा. पुण्यामुंबईत, नागपुरातही, तो शहाणपणाचा आहे, कारण तिथे ती तपासून देणारा कारागीर भेटतो.

या साऱ्यांवर कीथ बॉन्ट्रेगर यांच्या नावाने सांगितला जाणारा एक दाखला हमखास फेकला जातो: दणकट, हलकं, स्वस्त यांतले कुठलेही दोनच निवडा. खरं आहे, पण ते शहरात बसून खरं आहे. आमच्याकडे त्यात चौथी अट आपोआप येते, ती म्हणजे गावातच दुरुस्त होण्याची, आणि तिच्यापुढे पहिल्या तिन्ही कधी कधी फिक्या पडतात. भाग कुरिअरने चार दिवसांत येईलही. तो बसवायला लागणारं हत्यार आणि हात येत नाहीत.

आता थोडं खोलात. नवख्या वाचकाला एकच भाग समजून घ्यायचा असेल तर त्याने मागच्या चाकाचा हब समजून घ्यावा. स्वस्त सायकलीत दात्यांचा गठ्ठा फ्रीव्हीलचा असतो, म्हणजे उलट न फिरू देणारी खटक्यांची यंत्रणा दात्यांच्याच पोटात, आणि सगळा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला. त्यामुळे हबचे उजवीकडचे छर्रे गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राहतात आणि ॲक्सलचा बराच लांब तुकडा आधाराविना बाहेर पडतो. मागच्या कॅरिअरवर सोयाबीनची थैली बांधा, सायकल चाकोरीत आपटू द्या, ॲक्सल वाकलाच समजा. वाकलेल्या ॲक्सलवर कोन घासतात, छर्रे फुटतात, आणि मिस्त्री छर्रे बदलून देतो, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्याचा दोष नसतो, रचनेचा असतो. शिमानोने १९७८ साली आणलेल्या फ्रीहबमध्ये खटक्यांची यंत्रणा हबच्या अंगात गेली आणि छर्रे पार टोकाशी आले. दाते मग नुसती कॅसेट, खाचांवर सरकवायची. सायकलीच्या एकूण किमतीत हा फरक फार मोठा नसतो, टिकण्यातला फरक मात्र वर्षांचा असतो. दुकानात ओळखायचं कसं? पायडल उलटं फिरवून गठ्ठ्याच्या मध्यभागी बघावं. हत्यार घालायच्या खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. दुकानदार काय सांगतो याची गरज पडत नाही.

ब्रेकच्या बाबतीत माझं मत असं की सगळ्यात मोठी झेप तळाशी आहे. तारेच्या डिस्क ब्रेकवरून साध्यात साध्या तेलाच्या ब्रेकवर आलात की जे मिळतं, ते पुढे तिप्पट पैसे घालूनही पुन्हा त्या प्रमाणात मिळत नाही. चिखलात तार कवचात अडकते, तेल अडकत नाही. पण तेलातही दोन जाती आहेत. शिमानोला खनिज तेल लागतं. स्रॅमचे बरेचसे ब्रेक डॉट जातीच्या तेलावर चालतात. डॉट तेल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं, आणि रंगावर सांडलं तर रंग जातो. कागदावर खनिज तेल सरस. तरीही डॉट तेल कुठल्याही मोटरसायकलच्या दुकानात मिळतं आणि खनिज तेलाची बाटली वर्धेत शोधावी लागते. एकाच्या जागी दुसरं भरलं तर मात्र आतले रबर फुगून ब्रेक कामातून जातो. कुठला पर्याय निवडावा याचं एक उत्तर पुस्तकात नाही. कोण किती लांब राहतो यावर ते ठरतं.

शॉकअपबद्दल मी बहुतेकांच्या विरोधात आहे. हिंगणघाटच्या एका जाणत्या मिस्त्रींशी माझा यावरून अजून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक शॉकअपशिवाय सायकलीकडे बघतसुद्धा नाही, आणि ते खरंच आहे. माझं म्हणणं, स्वस्त स्प्रिंगचा फोर्क दोन-अडीच किलोचं ओझं आहे. तो दबतो, पण परत येताना त्याला आवर नसतो, आणि दोन पावसाळ्यांत गंजून जागीच बसतो. तेवढ्या पैशात साधा ताठ फोर्क आणि रुंद टायर घ्यावेत, हवा थोडी कमी ठेवावी. पांदणीचे दणके टायरच खातात. हवेवर चालणारा आणि परतीचा वेग आवरता येणारा चांगला फोर्क परवडत असेल तर तो जरूर घ्यावा. मधल्या पायरीवर अडकू नये.

दात्यांचं आणि चेनचं शास्त्र तर उलटंच आहे. उंची कॅसेटमधले मोठे दाते वजन वाचवायला ॲल्युमिनियमचे असतात आणि लवकर झिजतात. स्वस्त कॅसेट सगळी स्टीलची, जड आणि चिवट. काळ्या मातीचा चिखल म्हणजे चेनसाठी पॉलिश पेपरच. सहा, सात आणि आठ गेअरला एकाच मापाची चेन चालते आणि ती तालुक्याला मिळते. बाराची चेन अरुंद, वेगळी आणि महाग. इथेच चरखा संघाची पाच टक्क्यांची अट लावून पाहावी. तीस हजारांच्या सायकलीला वर्षाचे दीड हजार. आठ गेअरच्या सायकलीची चेन, ब्रेक पॅड, ट्यूब आणि केबल त्यात बसवता येतात. सगळ्यात वरच्या श्रेणीची एकटी कॅसेट मात्र त्या अख्ख्या सायकलीहून महाग असू शकते. अशा कॅसेटच्या सायकली वाईट नाहीत. त्या वेगळ्या हिशेबाच्या आहेत.

टायर, ट्यूब आणि काट्यांबद्दल इथे फार लिहीत नाही. पुस्तकातला सर्वांत लांब भाग त्यांचाच आहे. एवढंच सांगतो की ट्यूबलेस टायरमधलं द्रव काट्यांवर अक्सीर आहे, पण विदर्भाच्या उन्हात ते लवकर वाळतं. मार्चपासून पावसापर्यंत बाटली घरात ठेवावी लागते. सांगाड्याचंही तसंच, थोडक्यात: ॲल्युमिनियमचा घ्यावा, आणि डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर सुटा निघणारा असावा. एक जादा हँगर खरेदीच्या दिवशीच मागून घ्यावा, कारण प्रत्येक सांगाड्याचा आकार वेगळा आणि नंतर तो भाग शोधणं म्हणजे छळ.

हे सगळं आत्ताच लिहावंसं का वाटलं? २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच सुमाराला शिमानो आपल्या शिडीच्या खालच्या पायऱ्या मोडून त्या जागी २०२३ साली आणलेला 'क्यूज' हा एकच संच रुजवते आहे. आठवी-नववीची मुलं आता 'किती गेअरची' हे मोठ्यांच्या थाटात विचारतात. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केल्यापासून विदर्भात लांब पल्ल्याची सायकल चालवणारे वाढले. मुंबई-पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा' आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण रस्त्यावरच्या सायकलीबद्दल मराठीत थोडंफार लिहिलं गेलं, कच्च्या वाटेवरच्या सायकलीबद्दल जवळजवळ नाही. जे वाचायला मिळतं ते इंग्रजीत, थंड हवेच्या देशांत लिहिलेलं, आणि त्यात सराटा हा शब्द येत नाही.

म्हणून पुस्तकाची मांडणी नेहमीच्या क्रमाने नाही. सुरुवात सांगाड्यापासून न करता टायरपासून केली आहे, मग चाकं, ब्रेक, चेन-कॅसेट, आणि शेवटी डिरेलर. दुकानात मात्र बोलणं डिरेलरच्या नावापासूनच सुरू होतं. कार्बनचे सांगाडे, बिनतारी गेअर आणि विजेच्या सायकली यांना ओझरता स्पर्श आहे. त्यांच्यावर लिहायला दुसरा, अधिक सधन लेखक हवा. किमती कुठेच छापलेल्या नाहीत, कारण त्या पुस्तक छापून होईतो बदलतात. त्याऐवजी प्रत्येक भागापुढे तीन रकाने आहेत: गावातला मिस्त्री दुरुस्त करू शकेल का, तालुक्याला मिळेल का, आणि एका जोडीदाराच्या मदतीने घरी बदलता येईल का. तिसऱ्या रकान्यासाठी लागणाऱ्या हत्यारांची यादी मागच्या पानांत आहे: चेन तोडायचं हत्यार, कॅसेटचा पाना, चेन मापायची पट्टी आणि ॲलन चाव्यांचा जुडगा. एकट्याने घेतली तर ती महाग वाटतील. पाच-सहा सायकलवाल्यांनी वर्गणी काढून घेतली आणि मिस्त्रीच्याच दुकानात ठेवली, तर गावातल्या सगळ्या गेअरच्या सायकलींना ती पुरतात.